तांबड्या बुडाची नाव

नाव निंबवाडीत आली ती ट्रकवर, उपडी घातलेली. लोहाऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर बाभळींच्या फांद्या तिच्या लोखंडी बुडावर घासत होत्या. तो आवाज ऐकून माणसं घराबाहेर आली. धरण होऊन इतकी वर्षं झाली होती, पण गावात खरीखुरी नाव येत होती ती आत्ता.

तेरणेचं पाणी अडलं तेव्हापासून निंबवाडीची निम्मी रानं पलीकडच्या काठाला पडली होती. डांबरी रस्त्यानं वळसा घालून जायचं तर सकाळ त्यातच सरायची. म्हणून बायामाणसं थर्माकोलच्या तुकड्यांवर फळ्या बांधून पाणी ओलांडायची. दिवाळीच्या सुमाराला तसला एक तराफा मधोमध कलंडला. वर बसलेल्या दोघीजणी कशाबशा वाचल्या, पण नंतर रानात जायला कुणी तयार होईना. शेवटी गावानं वर्गणी काढली, आणि उपसरपंच मल्लिनाथ स्वतः कोकणात जाऊन ही जुनी नाव घेऊन आला. गुढीपाडव्याला ती पाण्यात सोडायची, असं त्यानं येतानाच फोनवर सांगून टाकलं होतं.

ती चालवणार कोण, याबद्दल कुणाला विचारायची गरज पडली नाही. प्रसेनजित काही वर्षं कोकणात खाडीकाठच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथं मच्छीमारांच्या बोटी दुरुस्तीला येत, आणि त्यांची बुडं खरवडून पुन्हा रंगवायची हे त्याचं काम. वडील कोंडिबा वारल्यावर आई मालनबाई एकटी पडली, तेव्हा तो परत आला आणि घरचं रान करू लागला. खाडीवर तो काय करायचा ते गावात त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. नाव आली त्या दिवशी मात्र सगळे त्याच्याकडंच बघत होते.

नाव उतरवली ती पाण्याच्या वाटेवर, इरम्माच्या गोठ्यासमोरच्या चिंचेखाली. सावली होती, आणि दगडांवर उपडी ठेवायला सपाट जागा होती. इरम्मा मल्लिनाथची चुलती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक आळंदला दिलेली. एक देवणी गाय आणि तिची कालवड, एवढंच तिचं घर. सकाळ-संध्याकाळ चार घरी दूध घालून तिचं भागायचं.

प्रसेनजित नावेभोवती फिरला. बुडावर त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं, खिशातल्या चाकूनं एका जागी खरवडलं. वर तांबडा रंग होता. त्याखाली निळा, पुन्हा तांबडा, आणि अगदी पत्र्याला चिकटून शेंदरी. कुणीतरी वर्षानुवर्षं थरावर थर चढवत गेलं होतं. तो मल्लिनाथला म्हणाला की नाव अशीच पाण्यात सोडता येणार नाही. समुद्रातल्या नावांना बुडाला शिंपले चिकटतात, म्हणून या रंगात तांब्याचं विष घातलेलं असतं. ते हळूहळू पाण्यात उतरत राहतं. आपल्या धरणातून तीन गावांच्या नळाचं पाणी जातं.

मल्लिनाथला ते पटलं नाही. एवढ्या मोठ्या पाण्यात एका नावेच्या रंगानं काय होतंय, असं त्याचं म्हणणं. पाडव्याला आमदारांना बोलवायचंही त्याच्या मनात होतं. पण पाण्याचा विषय निघाल्यावर ग्रामपंचायतीतले बाकीचे कचरले. जुना रंग काढल्याशिवाय नाव पाण्यात जाणार नाही असं ठरलं, आणि काम प्रसेनजितच्या गळ्यात पडलं. ते त्यानं आनंदानं घेतलं. कोकणातून आल्यापासून आपल्याला काही येतं असं त्याला फारसं वाटलंच नव्हतं.

लोहाराकडून त्यानं जीपच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्याची खरवडणी करून घेतली. बुडाच्या कडेनं खाली ताडपत्री अंथरली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि सकाळच्या गारव्यात कामाला बसला. वरचा तांबडा रंग कोरडा झाला होता. खरवडणीखाली त्याच्या खपल्या उडायच्या आणि बारीक भुकटी अंगावर बसायची. निळा थर मात्र चिवट. त्याला पाट्याची धार पुन्हा पुन्हा लावून घ्यावी लागे. दुपारपर्यंत हात कोपरापासून बधिर व्हायचे. मग तो ताडपत्रीवरच्या खपल्या गोळा करून खताच्या रिकाम्या पोत्यात भरायचा, तोंड सुतळीनं बांधायचा आणि पोतं नावेला टेकवून घरी जायचा. कारखान्यात असं कुणी करत नव्हतं. तिथं खपल्या चिखलात पडायच्या आणि भरतीचं पाणी आलं की जायच्या. आपण त्याच्यापेक्षा नीट करतोय, याचं त्याला बरं वाटायचं.

इरम्मा गोठ्याच्या दारात बसून ते बघायची. तिला करमणूक झाली होती. किती रंग लावलेत रे, नवरीला हळद लावल्यासारखे, असं म्हणून हसायची. उन्हं चढली की तांब्या घेऊन यायची आणि वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची. इरम्माचं रान होतं आणि मालनबाई तिथं कामाला जायची तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. दोघांनाही त्यात काही वाटत नसे, किंवा वाटलं तरी कुणी ते बोलत नसे.

कालवडीचं नाव तिनं तुंगा ठेवलं होतं. वर्षाचीसुद्धा नव्हती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कान लोंबते, आणि स्वभाव असा की दिसेल ते चाटून बघायचं. इरम्माचा पदर, भिंतीचा चुना, खांबाला बांधलेली दोरी. हिला दाव्याला ठेवलं की ओरडते आणि सोडलं की गाव फिरते, असं इरम्मा कौतुकानं सांगायची.

एके दिवशी प्रसेनजित तारेचा ब्रश आणायला लोहाऱ्याला गेला. परत येताना जीप भरेपर्यंत थांबावं लागलं आणि त्याला घरी पोचायला दिवेलागण झाली. त्या दिवशी तुंगानं दावं सोडवून घेतलं होतं. इरम्माला ती नावेपाशी सापडली. तोंड लालेलाल. कुठंतरी लाल मातीत तोंड घातलं असेल असं समजून इरम्मानं पदरानं पुसलं आणि तिला परत बांधलं.

तीन दिवसांनी सकाळी प्रसेनजित कामाला आला तर गोठ्यातून इरम्माचं पुटपुटणं ऐकू आलं. घाबरली की ती कानडीत जायची. "एनाय्तु, एनाय्तु," म्हणजे काय झालं, काय झालं, असं ती स्वतःशीच म्हणत होती. त्यानं आत डोकावून पाहिलं. तुंगा गोठ्याच्या भिंतीला कपाळ लावून उभी होती. रेटत होती, जणू भिंत मागं सरकवायचीय. दात करकरत होते, तोंडातून लाळ गळत होती. इरम्मानं पुढ्यात धरलेली कडब्याची पेंढी तिला दिसतच नव्हती. खाली मीठ-मिरच्यांची राख पडली होती. इरम्मानं दृष्ट काढली होती.

प्रसेनजित एकदम मागं वळला आणि नावेपाशी गेला. टेकवलेल्या पोत्यांपैकी कडेच्या एकाचा कोपरा फाटला होता. खपल्या खाली सांडल्या होत्या, आणि त्या ढिगाला मधोमध खळगा पडला होता. चाटून चाटून पडतो तसा.

कारखान्यात एक म्हातारा रंगारी होता. जुना तांबडा रंग किंवा शेंदरी अस्तर निघायला लागलं की तो जेवणाआधी हात कोपरापर्यंत धुवायला लावायचा. शिसं असतं त्यात, गोड लागतं, म्हणून कळत नाही, असं सांगायचा. प्रसेनजितला ते सगळं माहीत होतं. फक्त तिथं गुरं नव्हती.

त्यानं तिथूनच जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. मग गोठ्यात आला आणि उभ्या उभ्याच इरम्माला सांगितलं. कालवडीनं नावेचा रंग खाल्लाय, त्यात विष आहे, पोतं माझं होतं. इरम्मानं ऐकलं. पेंढी हातात तशीच होती.

डॉक्टर अर्पिता लोहाऱ्याहून स्कूटीवर आल्या. वयानं लहानच होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी तुंगाच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही. काय खाल्लं असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रसेनजितनं मुठीतल्या खपल्या त्यांच्यापुढं धरल्या. त्यांनी त्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. पोटातलं विष पुढं रक्तात जाऊ नये म्हणून मिठासारखी पांढरी पूड पाण्यात कालवून नळीनं पाजली. खरं औषध म्हणजे एक इंजेक्शन. ते इथं मिळणार नव्हतं, लातूरहून आणावं लागणार होतं. त्यानं ही वाचेल का, असं इरम्मानं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. वाचली तरी दृष्टी परत येईल की नाही तेही सांगता येत नाही. मग त्यांनी गाईचं रक्तही घेतलं. गाईनंही खपल्या चाटल्या असतील तर ते दुधात उतरतं. रक्ताचा निकाल येईपर्यंत दूध कुणाला घालू नका, घरीही वापरू नका, असं त्यांनी बजावलं.

तेवढ्यात गोठ्याबाहेर माणसं जमली होती. मल्लिनाथ आला आणि चुलतीची अवस्था बघून भडकला. ह्यानं त्या दिवशी ऐकलं असतं तर नाव आत्तापर्यंत पाण्यात असती आणि हे काही घडलं नसतं, असं तो सगळ्यांना सांगू लागला. पाणी वाचवायला निघाला आणि गोठा मारला. जे मल्लिनाथ बोलत होता तेच प्रसेनजितच्या मनात चाललं होतं.

गर्दी पांगली तेव्हा इरम्मा पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. आवाज चढवला नाही.

"तू रोज तोंडाला फडकं बांधून बसायचास. मला वाटायचं, धुरळा नाकात जाऊ नये म्हणून आसंल. त्यात इख हाय हे तू पंचायतीत सांगितलास, मल्लूला सांगितलास. मी इथं दारात बसल्याली, मला न्हाय सांगितलास. सांगितला आसतास, लेकरा, तर म्या दावं दुहेरी बांधलं आसतं."

प्रसेनजितनं मान खाली घातली. एवढंच म्हणाला, "व्हय अव्वा. तुमाला सांगायचं सुचलंच न्हाय मला."

मल्लिनाथची मोटारसायकल मागायचा प्रश्नच नव्हता. प्रसेनजित फाट्यापर्यंत चालत गेला, मिळेल त्या जीपनं आणि मग एसटीनं लातूर गाठलं, आणि दोन दुकानं पालथी घालून औषध घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन शिरेतून दिलं. त्या वेळी तुंगाला झटका आला. पाय ताठ झाले आणि ती आडवी पडली. इरम्मानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोकं आपटू नये म्हणून प्रसेनजितनं दोन्ही हातांनी मान धरून ठेवली. बराच वेळ ते दोघं तसेच, शेणात गुडघे टेकून बसून होते. झटका ओसरला तेव्हा इरम्मा उठली, आत गेली आणि चहा करून आणला. तिच्या घरातल्याच दोन कपबशा होत्या, निळ्या फुलांच्या. एक तिनं त्याच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेऊन खांबाला टेकून बसली. दोघांनी चहा प्यायला. तुंगाच्या पोटाची हालचाल बघत राहिले.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी इंजेक्शन, दिवसभर नळीनं पेज आणि पाणी. प्रसेनजित रानात जाऊन यायचा आणि बाकी वेळ गोठ्यात असायचा. इरम्माला सगळ्यात जड जायचं ते दूध. गाय पान्हवायची, धार काढावीच लागायची, आणि काढलेलं चरवीभर दूध उकिरड्यामागच्या खड्ड्यात ओतावं लागायचं. पहिल्या दिवशी तिनं ओतलं आणि तिथंच उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून चरवी मालनबाई उचलून न्यायला लागली.

मालनबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती भाकरी-कालवण घेऊन आली आणि इरम्मापुढं ठेवून म्हणाली की माझ्या पोराच्या हातनं झालंय, म्या कुठल्या तोंडानं आली हे मला ठाव हाय, पर तुमी उपाशी राहू नका. इरम्मानं तिला बस म्हटलं. दोघींनी उमेदीत एका रानात तुरी काढल्या होत्या. दुपारी मालनबाईनं नावेभोवतीच्या मातीत बसकण मारली आणि सांडलेल्या खपल्या एकेक वेचू लागली, तांदळातले खडे निवडावेत तशा. थोड्या वेळानं इरम्माही येऊन शेजारी बसली. मालनबाईनं तिला हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून दिली. जिथं माती तांबूस झाली होती तिथली वीतभर माती प्रसेनजितनं खोऱ्यानं उकरून वेगळी भरली.

पाडवा आला आणि गेला. नाव दगडांवर तशीच होती, अर्धी तांबडी, अर्धी निळी. प्रसेनजितनं खरवडणीला हात लावला नव्हता.

तुंगा उभी राहिली ती पाडव्यानंतर. लटपटत होती, पण स्वतः उभी राहिली आणि पेंढीचा वास घेऊन दोन काड्या चावल्या. दिसत मात्र नव्हतं. खांबाला धडकायची आणि थबकायची. डॉक्टर म्हणाल्या, जिवाचा धोका टळला. डोळ्यांचं हळूहळू बघू.

त्याच दिवशी दुपारी प्रसेनजित मल्लिनाथच्या दुकानात गेला. नाव परत पाठवा, किंवा भंगारात घाला, मी त्या कामातून मोकळा झालो, असं सांगून आला. मल्लिनाथ आता थंड झाला होता. तो वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हता. बघतो म्हणाला. पण निंबवाडीत दुकानातली गोष्ट गोठ्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. संध्याकाळी प्रसेनजित पेज घेऊन आला तेव्हा इरम्मानं त्याला अडवलं.

"नाव भंगारात घालणार म्हणं तू."

त्यानं व्हय म्हटलं. नावेकडं बघवत नाही, असंही म्हणाला.

"तुला बघवत न्हाय, आन मला रोज दारात तेच दिसतंय," इरम्मा म्हणाली. "अर्धं खरवडल्यालं. वारं सुटलं की खपल्या उडतात. भंगारवाला नेताना वाटंनं सांडत नेईल. माझी तुंगा वाचली, उद्या दुसऱ्या कुणाची न्हाय वाचणार. सुरू केलास न्हवं, आता नीट करून संपव. ते संपल्याबिगर म्या गाय सोडणार न्हाय, आन तिला किती दिवस बांधून ठिऊ?"

त्यानं विचारलं की गावातलं कुणी आता मला ते काम करू देईल का.

"दार माझं हाय," इरम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खरवडणी हातात घेतली नाही. तो घरोघरी गेला. चिंचेच्या बाजूनं ज्यांची गुरं पाण्यावर जायची त्यांच्याकडं आधी, मग बाकीच्यांकडं. प्रत्येक दारात उभं राहून त्यानं सांगितलं की रंगात काय आहे, ते जनावराला आणि लेकरांना कसं बाधतं, काम किती दिवस चालेल आणि तोवर गुरं कोणत्या वाटेनं न्यायची. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी टोमणा मारला की आता सांगतोयस का. तो टोमणाही त्यानं ऐकून घेतला. लोक काय म्हणतील याची त्याला वाटली होती तेवढी भीती वाटली नाही. सांगून झाल्यावर बरंच हलकं वाटलं.

मग चिंचेभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आणि कामाची रीत बदलली. कोरडं खरवडायचं नाहीच. बुडावर ओली पोती टाकून ठेवायची, रंग भिजून फुगला की तेवढाच भाग खरवडायचा आणि वरून पाण्याची धार सोडत राहायचं. खपल्या चिखल होऊन खाली पडायच्या. त्यांना अडवायला त्यानं ताडपत्रीच्या चारी कडा विटा लावून उचलल्या होत्या. त्याला वेळ लागायचा, पण भुकटी उडत नव्हती. दिवस संपला की तो गाळ झाकणाच्या पिंपात जायचा आणि पिंप ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात.

पाणी ओतायला दुसरं माणूस लागायचं. पहिल्या दिवशी मालनबाई होती. नंतर तिला खुरपणीला जावं लागलं, तेव्हा इरम्मा आली. प्रसेनजित नको म्हणाला तर तिनं हातांना पिशव्या बांधल्या, नाकाला पदर लावला आणि झारी उचलली. कुठं पाणी सोडायचं ते एकदा विचारून घेतलं, मग पुन्हा विचारलं नाही. अधूनमधून ती गोठ्याकडं बघायची. तुंगा तिथं आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभी असायची. एकदा इरम्मा म्हणाली की हिला पाण्याचा आवाज कळतो, झारी थांबली की कान टवकारते. प्रसेनजितनंही मग बघितलं. खरंच तसं होतं.

निळा गेला, आतला तांबडा गेला. शेंदरी थर सगळ्यात शेवटी आला. त्याच्यावर त्यानं घाई केली नाही. बोटभर बोटभर जागा भिजवत तो सरकत गेला. आणि एका सकाळी बुडाचा शेवटचा कोपरा मोकळा झाला. खाली नुसतं लोखंड होतं, काळपट, मधेच गंजाचे डाग. इरम्मानं झारी खाली ठेवली आणि पिशवी काढून तळहात त्यावर टेकवला. गार हाय, म्हणाली.

त्या आठवड्यात गाईच्या रक्ताचा निकाल आला. गाय स्वच्छ होती. डॉक्टर अर्पितांनी फोन करून सांगितलं तेव्हा इरम्माला आधी खरं वाटेना. तिनं प्रसेनजितला तोच फोन पुन्हा लावायला लावला आणि पुन्हा ऐकलं. संध्याकाळी चरवी घेऊन ती दुधाच्या घरांना गेली. एका घरी म्हणाले, अजून थोडे दिवस बघू. ती रागावली नाही. आपणही तसंच म्हटलं असतं, असं घरी येऊन मालनबाईला म्हणाली. ते घरही पुढं हळूहळू परत आलं. पिंपं न्यायला सोलापूरहून विषारी कचऱ्याची गाडी आली. त्यासाठी मल्लिनाथनं बरीच खटपट केली. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल तो काही म्हणाला नाही. पण गाडी गेल्यावर त्यानं प्रसेनजितला मोटारसायकलवर मागं बसवून घरापर्यंत सोडलं.

नाव रंगवायची तर होतीच. नुसतं लोखंड पाण्यात टिकत नाही. प्रसेनजितनं साधा, पाण्याच्या टाक्यांना आतून लावतात तो रंग आणला. डबा उघडायच्या आधी तो गोठ्यात गेला. इरम्मा धार काढत होती. तो शेजारी उकिडवा बसला आणि डब्यावरचं सगळं तिला वाचून दाखवलं. यात शिसं नाही, तांबं नाही, पण ओला असेपर्यंत वास डोक्यात जातो. दोन दिवस गाय आणि तुंगा मागच्या अंगणात बांधा.

इरम्मानं धार न थांबवता ऐकलं. मग विचारलं, "दोन दिवस का तीन?"

"वारं आसंल तर दोन."

"मग तीन धर," ती म्हणाली आणि चरवी उचलून आत गेली. त्यानं तीन धरले.

आमदार आले नाहीत. त्यांना पुन्हा कुणी बोलावलंच नाही. वैशाखात पाणी बरंच आटलेलं असताना, बैलगाडीवर घालून नाव काठापर्यंत नेली आणि दहा-बारा माणसांनी ढकलून पाण्यात सोडली. ती थोडी डावीकडं कलली, मग सरळ झाली. पहिल्या फेरीला पाच बाया बसल्या, खुरपी आणि भाकरीची फडकी मांडीवर घेऊन. एकीनं कडा इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. प्रसेनजितनं वल्हं संथ ठेवलं. पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा मागच्या एकीनं रानातल्या भेंडीचा विषय काढला, आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या.

पावसाळा लागेपर्यंत तुंगाच्या डोळ्यांत थोडा फरक पडला. उजेड-अंधार कळायला लागला, जवळून हललेलं काही दिसायला लागलं. पुरतं कधी दिसेल असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. इरम्मानं तिच्या गळ्यात मोठी घंटा बांधली आणि रोज सकाळी दावं हातात धरून तिला पाण्यावर न्यायला लागली. उतारावर दगड आला की ती दावं आखडायची, तुंगा पाय उचलायची. प्रसेनजित नाव सोडायच्या तयारीत असला तर वल्हं आडवं घेऊन थांबायचा, त्या दोघी पाणी पिऊन वर जाईपर्यंत. नावेतल्या बायकांना उशीर व्हायचा, पण घाई कर असं त्याला कुणी म्हणत नसे.